पलतडीचे चिरे

शुभदा गेली तेव्हा आम्ही तेवीस जण धक्क्यावर उभे राहून तिच्या तरीची, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीची, वाट बघत होतो. हा धक्का सिंधुदुर्गाच्या कुठल्याही नकाशात नाही. छत्तीस वर्षं तलाठ्याची नोकरी केलेला माणूस हे सांगतोय, तेव्हा शोधायच्या फंदात कोणी पडू नये. तो संगणकावरच्या एका खेळात आहे, आणि आमच्यातले कोणी पुण्याला, कोणी ठाण्याला, कोणी दुबईला आपापल्या खोलीत हेडफोन लावून बसले होते. मी बसलो होतो तळेऱ्याच्या तिठ्यावर, शुभदाच्याच दुकानात. शुभदा माझी भाची. तापाचं निमित्त होऊन चार दिवस गोव्याच्या रुग्णालयात होती, पण उतार पडला होता, सोमवारी घरी सोडणार होते. शुक्रवारी तिनं आम्हा सगळ्यांना फोनवर निरोप पाठवला होता. आवाज खोल गेलेला, पण हुकूम नेहमीचाच. "रविवारी सात वाजता सगळे धक्क्यावर उभे रवा. एक पण कमी नको. मी फोनवरून तर हाडतंय." कशासाठी, ते काही सांगितलं नव्हतं. सात वाजले, सव्वासात झाले, पण तरीचा पत्ता नाही. पुण्याच्या प्रदीपनं तिच्या फोनवर फोन लावला. तो उचलला माझ्या बहिणीनं, शुभदाच्या आईनं. "शुभी, तर खंय आसा गो?" असं प्रदीपनं विचारलं, आणि ताई म्हणाली, "तर नाय येवची रे बाबा आता. ती आताच गेली." ताप उतरत असतानाच हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी मागाहून सांगितलं. लेकीचा तो खेळ म्हणजे काय हे ताईला कधी धड कळलं नव्हतं, तरी जे सांगायचं ते तिनं नेमकं सांगितलं. प्रदीपनं ते हेडफोनमधून आम्हाला सांगितलं. पडद्यावर खाडीचं पाणी हलत राहिलं.

आज या गोष्टीला सात आठवडे झाले. लिहायला बसलोय ते भाचीचं कौतुक करायला, पण त्यासोबत माझी एक चूकही आहे, ती तिनं आपल्या अंगावर घेतली होती. ती आज कागदावर उतरवायची आहे. नोंदी करणं एवढंच मला आयुष्यभर येत आलं.

शुभदा त्रेचाळीस वर्षांची होती. मुंबईत दहा वर्षं एका कचेरीत संगणकावर काम केलं, वडील गेले तेव्हा आईसाठी परत आली ती कायमची. देवगड-विजयदुर्गाकडे रस्ता फुटतो त्या तिठ्यावर तिनं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान टाकलं. काजूवाला, आंबेवाला, पेन्शनवाला, सगळे तिच्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसत. आधारकार्डावरचं नाव आणि सात-बारावरचं नाव जुळत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या म्हाताऱ्याला ती म्हणायची, "आजोबानू, सरकारान तुमका दोन नावां दिल्यान, म्हंजे तुमी दोन माणसां. आता एकाक घराक पाठवया." म्हातारा हसायचा, तोवर हिचा अर्ज भरून झालेला असायचा. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "मामानू, तुमीच बगा, पण नेटवर्क बरां असलेलो बगा." दुकानात मागच्या खिळ्यावर तिचा हेडफोन टांगलेला असे. कानाला घाम येतो म्हणून त्याला तिनं ताईच्या जुन्या सुती लुगड्याच्या खोळी शिवल्या होत्या. दर सोमवारी ताई त्या धुवायची, कशाच्या आहेत ते न विचारता.

तो खेळ टाळेबंदीमुळे सुरू झाला. गावात अडकलेले चाकरमानी दिवसभर नेटवर्कसाठी तिच्या दुकानाच्या पायरीवर. पुढे रस्ते उघडले, माणसं नोकऱ्यांवर परतली, आणि महिन्याभरात एकेकाचे फोन यायला लागले की गावात होतो तेव्हा कंटाळा आला होता, आता गावाशिवाय करमत नाही. तेव्हा हिनं एक सर्व्हर घेतला आणि त्यावर एक अख्खं गाव उभं केलं. या खेळात लढायचं नसतं, राहायचं असतं. एक जण चहाचं हॉटेल चालवतो, एक जण रापणीचं जाळं ओढतो, एक जण काजू वेचतो. हेडफोन लावून आपापल्या आवाजात बोलायचं, आणि खेळात आहोत तोवर आपण तो माणूस व्हायचं. पोरं याला रोलप्ले म्हणतात. मी म्हटलं, मग यात नवीन काय? आमच्या दशावतारात तरी संवाद कोण लिहून देतो? राजा रंगपटात बिडी ओढत असतो, तो बाहेर आला की राजा! शुभदा म्हणाली, "अगदी तसांच मामानू. फकत हंय बिडी ओढूक बंदी."

गावाचं नाव तिनं पलतड ठेवलं. आमच्याकडे खाडीच्या पलीकडच्या काठाला पलतड म्हणतात आणि अलीकडच्याला अलतड. लहानपणी आम्ही सगळेच तरीनं पलीकडे जायचो, पूल नंतर आला. नव्या माणसाला गावात यायचं तर आधी अलतडीला उभं राहावं लागे. तिथं शुभदा तर घेऊन यायची, माणसाला बसवायची आणि वल्हवता वल्हवता विचारायची, "कोणाचो रे तू?" कोणाचा झील, म्हणजे मुलगा, कुठल्या वाडीतला, हे कळलं की पलीकडे उतरवायची. ओळखीच्या ओळखीनं वीसेक माणसं जमली. खेळ सात ते साडेआठ. साडेआठला ती हाक मारायची, "चला, जेवक उठा," आणि गाव बंद. दुबईवाले कुरकुरत की आमचं जेवण अजून लांब आहे. ती म्हणायची, "मगे कुकर लावा."

मी यात कसा शिरलो, त्यात माझीच हौस नडली. निवृत्त होऊन मला माशा मारायचंच काम उरलं होतं. दुकानात बसल्या बसल्या मी एकदा तिच्या खांद्यावरून पडद्यात डोकावलो आणि बघतो तर काय, घरं आहेत, वाड्या आहेत, आणि कुठेही हद्द नाही! मी म्हटलं, हे कसलं गाव? उद्या भांडण झालं तर? ती म्हणाली, "तुमी हयात, होवचा नाय." झालं. मी पलतडचा तलाठी झालो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं. मी त्या गावाला गट नंबर दिले, वहीत सात-बारे लिहिले, खाडीच्या पाण्यावर कोणाचा हक्क तेही लिहिलं. पोरं मला मुद्दाम चावडीवर बोलवायची, कोंबडीनं हद्द ओलांडल्याचा पंचनामा करायला. मी तो करायचोही, तीन प्रतींत. इतका आनंद मला खऱ्या नोकरीत कधी झाला नव्हता.

गावात देऊळ बांधलं ते गजानं. गजा आमच्याच गावचा, मस्कतला ट्रेलर चालवतो. चाळिशीच्या आतबाहेरचा, बोलायला अगदी कमी. या खेळात देऊळ विकत मिळत नाही. चिऱ्याच्या खाणीवर जायचं, एकेक चिरा कापायचा, वाहून आणायचा आणि रचायचा. गजानं सहा महिने रोज ड्युटीवरून आल्यावर हे केलं. एका खोलीत सहा जण राहत, त्यातला एक झोपायला आला की हा हळू आवाजात बोले. कळसापर्यंत पोचला तेव्हा शुभदानं सगळ्यांना देवळासमोर उभं केलं आणि म्हणाली, आता पलतडची पहिली जत्रा करायची. इथे मी तोंड उघडलं. मी म्हटलं, जत्रा म्हणजे मान आले. पहिला नारळ कोणाचा, पालखीला पहिला खांदा कोणाचा, हे आधी ठरलं पाहिजे. ती म्हणाली, "मामानू, ज्येना बांदल्यान तो फोडीत नारळ. नायतर सगळे मिळान फोडूया." मला ते पटेना. असं कुठे असतं का?

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, आमच्याकडे मानापानावरून जेवढी डोकी फुटली तेवढी जमिनीवरून फुटली नसतील. आमच्या खऱ्या गावात पहिल्या नारळावरून दोन घराण्यांत आमच्या आज्यापासूनचा वाद आहे. एक गजाचं घराणं, दुसरं प्रदीपचं. या दोघांच्या बापजाद्यांची तोंडं एकमेकांकडे कधी वळली नाहीत, पण पलतडमध्ये दोघे एका होडीत बसून मासे मारत आणि एकमेकांची चेष्टा करत. त्या वादाचे कागद माझ्या नोकरीत तीनदा माझ्या टेबलावरून गेले होते. माझ्या मते हक्क प्रदीपच्या घराण्याचा होता. मग काय, मी बसलो आणि खऱ्या गावाची मानकऱ्यांची यादी जशीच्या तशी पलतडच्या देवळासाठी लिहून काढली. पहिला मान प्रदीपच्या घराण्याचा, गजाच्या घराण्याचा तिसरा. शुभदा त्या दिवशी पीकविम्याच्या अर्जांच्या गर्दीत होती. मी म्हटलं, ही यादी देवळासमोरच्या फलकावर लाव. तिनं न वाचता लावली. माझ्यावर भरवसा होता तिचा.

संध्याकाळी गजा आला, यादीसमोर उभा राहिला. मग म्हणाला, "माझ्या हातान बांदलेल्या देवळात माका तिसरो नंबर?" प्रदीपनं मध्ये पडून चूक सुधारायला हवी होती. त्याऐवजी तो म्हणाला, "कागदान तां तसांच आसा, गजा." बापजाद्यांचंच वाक्य त्याच्या तोंडून निघालं. त्यानंतर दोन्ही बाजूंची माणसं बोलायला लागली ती खेळातल्या नावांनी नाही, आडनावांनी. मी हेडफोन काढून ठेवला. गजानं भांडण केलं नाही. पुढचे चार दिवस तो रोज यायचा आणि देवळाचा एकेक चिरा काढायचा. ज्या हातानं रचला त्याच हातानं, वरून खाली. कोणी अडवायला धजलं नाही. पाचव्या दिवशी देवळाच्या जागी चिऱ्यांचा एक नीट रचलेला ढीग होता आणि गजा तरीनं अलतडीला निघून गेला होता. जाताना त्यानं शुभदाला एवढंच विचारलं, "यादी कोणी लिवल्यान?"

मी बाजूच्या खुर्चीत बसलेलो. शुभदानं माझ्याकडे पाहिलं, अगदी क्षणभर. आणि म्हणाली, "यादी माझी. चुकलां तर माझां चुकलां."

मी गप्प राहिलो. तेव्हा मनाला समजावलं की दोन दिवसांत थंड होईल, मग सांगू. दोन दिवसांनी वाटलं, आता सांगून उगाच निखारा फुंकायचा कशाला. नंतर तर सांगायला माणूसच राहिला नाही. गजापाठोपाठ अर्धे गेले, उरलेले यायचे आणि कुजबुजायचे, आणि एका रविवारी शुभदानं गाव बंद केलं. मला ती काही बोलली नाही. चहा दोन कपच मागवायची, माझा माझ्यासमोर ठेवायची. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मला फार वाटायचं.

आठ महिने पलतड बंद होतं. या काळात माझ्या सासुरवाडीला गावपळण आली. मालवणकडच्या काही गावांत ही रीत आहे. ठरावीक वर्षांनी देवाचा हुकूम झाला की अख्खं गाव तीन दिवसांसाठी वेशीबाहेर पडतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. घरं बंद, चुली विझलेल्या. माळावर झावळ्यांच्या झोपड्या बांधून राहायचं आणि तीन दिवसांनी देवाला कौल लावायचा. देवानं उजवा दिला तर परत घरी, डावा दिला तर अजून एक दिवस बाहेर. शुभदा लहानपणी मामीबरोबर एकदा त्यात राहिली होती. या वेळी मी तिला घेऊन गेलो. दुपारी आम्ही एका झोपडीत वडे-सागोती खात होतो. समोर दोन सख्खे भाऊ एकाच चुलीवर भात चढवत होते. माझ्या बायकोचे ते चुलतभाऊ, गेली बारा वर्षं एकमेकांच्या दारात न गेलेले. मी म्हटलं, बघ काय चमत्कार आहे. शुभदा हाडूक चोखत म्हणाली, "चमत्कार कसलो? भांडणाक गडगो लागता मामानू. हंय गडगोच नाय, तर भांडतले खंय बसान?" गडगा म्हणजे आमच्याकडची दोन वाड्यांमधली दगडी हद्द. माझं अर्धं आयुष्य गडगे मोजण्यात गेलेलं. मी वडा खाल्ला.

परतताना नांदगावच्या फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "पलतडची गावपळण झाली आसा, असां समजूया. माणसां भायर आसत. आता कौल लावया."

तिनं सगळ्यांना निरोप धाडले, गजालाही. ठरलेल्या शुक्रवारी अलतडीला, खाडीच्या अलीकडे, आम्ही जमलो. तिथे घरं नव्हती, हद्दी नव्हत्या, मोकळा माळ आणि एका झाडाखाली देवाचा पाषाण. प्रदीप आला, खाली मान घालून. गजा आला नाही. तीन संध्याकाळी आम्ही त्या माळावर नुसते बसायचो, खोट्या चुलीवर खोटी पेज शिजवायचो आणि खऱ्या गोष्टी बोलायचो. तिसऱ्या दिवशी शुभदानं देवाला गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं बाईमाणसानं घालायची रीत नाही. ताई दुकानात बसून डोळे मोठे करत होती, तरी हिनं घातलंच. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज वेशीभायर पडली आसत... जो कोण रागान दूर गेलो आसात, तेका वाट दाखव रे म्हाराजा..." आणि सगळ्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" पण एकेकाचं नेटवर्क एकेका तऱ्हेचं. पुण्याचा होकार आधी आला, ठाण्याचा मग, दुबईचा सगळ्यांत शेवटी. हसू आवरेना, आणि शुभदा मात्र प्रत्येक ओळीनंतर शेवटचा होकार येईपर्यंत थांबायची. कौलासाठी तिनं पाषाणावर दोन पाकळ्या ठेवल्या होत्या. कुठली पाकळी आधी पडेल हे तिलाही कळू नये असंच तिनं ते बनवलं होतं. पडली डावी. प्रदीप म्हणाला, "शुभी, तूच केलंस मां तां? बदल की गो." ती म्हणाली, "देव म्हंजे देव. उद्या बगूया." दुसऱ्या दिवशी पुन्हा डावी. संगणकातल्या देवापायी आम्ही दोन दिवस जास्त माळावर काढले. पाचव्या दिवशी उजवी पडली तेव्हा दुबईच्या खोलीतून कोणीतरी शिट्टी वाजवली.

मग तिनं तर काढली आणि एकेकाला नव्यानं पलीकडे न्यायला लागली. पण या वेळी प्रश्न बदलला होता. "कोणाचो तू?" हे पलतडमध्ये पुन्हा कोणी कोणाला विचारायचं नाही, आडनाव अलतडीला ठेवून यायचं. ती विचारायची, "काय करतलंस?" कोणी म्हणालं विहीर उपसीन, कोणी म्हणालं पोरांना पोहायला शिकवीन, प्रदीप म्हणाला सर्व्हरची देखभाल मी बघतो. माझी पाळी आली. "मामानू, काय करतलास?" मी म्हटलं, नोंदी. ती म्हणाली, "नोंदी नकोत. दुसरां काय येता?" अडुसष्टाव्या वर्षी, एका खोट्या होडीत बसून, माझ्या लक्षात आलं की मला दुसरं काहीच येत नाही. तिनं तर मधेच थांबवली. मग म्हणाली, "देवळाचो चिऱ्यांचो ढीग आसा. हंय राखलां नाय तर वेली चडतत, झाडां रुजतत. तो तुमी राखा. एक चिरो हलता कामा नये."

दोन वर्षं मी रोज संध्याकाळी त्या ढिगावरच्या वेली काढल्या. ही शिक्षा होती का, तिला विचारायचं धाडस मला झालं नाही. वेली काढता काढता मला तो प्रत्येक चिरा पाठ झाला. शुभदा दर महिन्याला गजाला एक निरोप पाठवायची, दोनच शब्दांचा. "चिरे आसत." तो वाचायचा आणि उत्तर द्यायचा नाही. ती मला दाखवायची आणि फोन खाली ठेवून पुढच्या गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायची. पलतड पुन्हा भरलं, पहिल्यापेक्षा चांगलं भरलं, पण कोणी स्तुती केली तर ती म्हणायची, "एक कमी आसा." मी तिथेच असायचो. मी एक वाक्य बोललो असतो तर कदाचित तो एक आला असता. नाही बोललो. हे मी आज लाज बाळगून लिहितोय, आणि ती वाचू शकत नाही.

तेरावं झाल्यावर प्रदीपचा फोन आला. म्हणाला, "मामानू, बंद करुया काय? तर कोण चालयतलो?" मी म्हटलं, बंद करायचं की नाही हे आपण कोण ठरवणार, गावपळण करू आणि कौल लावू. पुन्हा सगळे अलतडीच्या माळावर जमले. शुभदाच्या दुकानाची चावी ताईनं माझ्याकडे दिली होती. मी तिच्या खुर्चीत बसलो, खिळ्यावरचा तिचा हेडफोन घेतला आणि कानाला लावला. खोळी ताईनं त्या सोमवारीही धुतल्या होत्या. तिसऱ्या दिवशी प्रदीपनं गाऱ्हाणं घातलं, पाकळी पडली ती डावी. कोणी कुरकुर केली नाही. चौथ्या संध्याकाळी आम्ही नुसते बसलो होतो आणि माळाच्या कडेला एक माणूस येऊन उभा राहिला. नाव पाहिलं, गजा.

आता थांबलो असतो तर पुन्हा कधी बोललो नसतो. मी म्हटलं, "गजा, ती यादी शुभीची नव्हती. माझी होती. ती माका सांभाळूक खोटां बोलली, आणि मी बाजूक बसान ऐकलंय. तीन वर्सां तू तिच्यावर रागावलंस तां माझ्या पापान."

मस्कतचा आवाज नेहमी उशिरा येतो.

"मामानू," गजा म्हणाला, "यादी कोणाची होती तां आता माका खंय व्हया? मी तेच्या आदीच इल्लंय."

मला अर्थ लागेना. मग त्यानं सांगितलं. त्या गुरुवारी, शुभदा रुग्णालयात असताना, तिचा महिन्याचा निरोप नेहमीसारखा गेला होता. चिरे आसत. आजारी असल्याचं एक अक्षर नाही. आणि गजानं पहिल्यांदा उत्तर दिलं होतं, "येतंय." तिनं लगेच लिहिलं, "रविवारी सात वाजता. सगळ्यांक धक्क्यावर उभे करतंय." गजा त्या रविवारी ड्युटीवरून तसाच खोलीवर आला, तोंडही न धुता बसला आणि अलतडीला येऊन उभा राहिला. "सात वाजल्यापासून उभो होतंय मी," तो म्हणाला. "तुमचो धक्को थंयसून दिसणा नाय. माका वाटलां, तिना चेष्टा केल्यान. आठ वाजता मी रागान बंद केलंय. आणि दुसऱ्या दिवशी कळलां..."

म्हणजे त्या संध्याकाळी पलतडीला आम्ही तेवीस जण तिची वाट बघत होतो, अलतडीला एकटा गजा. मधे खाडी, आणि तर आणणारी गोव्याच्या रुग्णालयात. एक पण कमी नको, असं ती का म्हणाली होती ते मला तेव्हा कळलं. दुकानात मी तिच्या खुर्चीत बसून रडलो. लपवण्यात काही अर्थ नाही, हेडफोनमधून सगळ्यांनी ऐकलंच. पण रडता रडता एक मोठं ओझं हललं. गजानं तिला माफ केलं होतं, तिची चूक नव्हती हे माहीत नसतानाही. आणि ते तिला समजलं होतं. आमची शुभी ते समजून गेली.

चौथ्या संध्याकाळी कौल लावायचा राहूनच गेला, पाचव्या दिवशी उजवी पाकळी पडली. तर चालवायला कोणी पुढे होईना, तेव्हा मीच बसलो. अडुसष्टाव्या वर्षी काही येत नव्हतं, सत्तराव्या वर्षी वल्हवायला शिकलो. पहिल्या दोन खेपांना होडी गोल फिरली आणि प्रदीप म्हणाला, "मामानू, पंचनामो करूक व्हयो." एकेकाला विचारत गेलो, एकेकाला उतरवत गेलो. शेवटच्या खेपेला गजा बसला. मधल्या पाण्यात आलो तेव्हा मी विचारलं, "काय करतलंस?"

तो म्हणाला, "चिरे आसत मां?"

"आसत. एकय हलाक नाय."

"मगे चला बेगीन. साडेआठ होतले."

देऊळ आता खिडक्यांपर्यंत आलंय. चिरे गजा रचतो, त्याच्या हाताखाली प्रदीप वाहून आणतो. पहिल्या नारळाचा विषय कोणी काढत नाही आणि मला तर कोणी विचारतच नाही, हे योग्यच आहे. रविवारी ताई दुकानात येऊन बसते, गिऱ्हाइकांच्या त्या स्टुलावर. तिला पडद्यात काय चाललंय ते अजूनही कळत नाही. पण मागच्या रविवारी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ती उठली, माझ्या कानावरचा हेडफोन खोळीसकट काढून घेतला, आपल्या तोंडाशी धरला आणि लेकीच्याच सुरात म्हणाली, "चला, जेवक उठा." पलीकडून पुण्याचा होकार आला, मग ठाण्याचा, मग दुबईचा. ताई हेडफोन धरून तशीच उभी राहिली, मस्कतचा येईपर्यंत.